कुच्चूचा धंदा आणि अत्तेंचे नारळ

माझ्या धंद्याचं वाटोळं नारळांनी केलं. आता कोणी म्हणेल, बाई, नारळाला कशाला दोष देतेस, तो बिचारा झाडावर गप्प लटकत होता. बरोबर आहे. त्याला विकत आणून, सोलून, शेंडी ठेवून, वर हळद-कुंकू लावून माझ्या गिऱ्हाइकांच्या ओटीत घालायला लावणाऱ्या माणसावरच खरं तर बोट ठेवायला हवं. ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना अत्ते म्हणतो. मैसूरला सगळेच सासूला अत्ते म्हणतात, आणि आमच्या घरच्या मराठीत कन्नड कुठून सुरू होतं हे आम्हाला स्वतःलाही सांगता येत नाही.

धंदा सुरू केला तोही त्यांच्यासाठीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल.

अत्तेंचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी घरातल्या टीव्हीचा आवाज वाढला, मग आमचा. सरस्वतीपुरमातल्या आमच्या गल्लीत आज आमच्याकडे कसली भाजी आहे हे सगळ्यांना कळायला लागलं, एकट्या अत्तेंना सोडून. त्या भजनी मंडळात जायच्या. टाळ त्यांचे, आवाज त्यांचा, मंडळातल्या भांडणांचा निवाडाही त्यांचाच. एके दिवशी सगळ्यांचं भजन थांबलं तरी यांचं एकटीचं चालूच राहिलं, डोळे मिटून, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. कोणीतरी खुसखुसलं. ते अत्तेंना ऐकू आलं नाही, पण डोळे उघडल्यावर दिसलं. घरी आल्या, टाळ कपाटात ठेवले, आणि पुन्हा म्हणून गेल्या नाहीत.

त्यानंतर मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची लावून बसायच्या. तोंड खिडकीकडे, पाठ घराकडे. खिडकीतून दिसतं तरी काय, तर शेजाऱ्यांच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी. तीसुद्धा अर्धीच. जेवायला हाका मारून उपयोग नाही, खांद्याला हात लावावा लागायचा. हात लावला की दचकायच्या, आणि दचकल्या की मला अपराध्यासारखं व्हायचं.

लग्न होऊन आल्यापासून या बाईंनी मला बोलून बोलून भंडावून सोडलं होतं. वरणात मीठ, शेजारणीची सून, माझ्या माहेरची माणसं, कशावरही बोलायच्या. मीही काही कमी नव्हते. आणि आता हे असं गप्प. मला वाटलं होतं, सुटले. पण नाही हो. भांडायला समोर कोणी नसलं की घर खायला उठतं. मला त्यांचं ते पाठमोरं बसणं बघवेना.

एक स्वस्तातलं कानाचं मशीन आणून झालं होतं. ते कानात घातलं की कुईं करून शिटी मारायचं, म्हणून ते बटणांच्या डब्यात गेलं. कानाच्या डॉक्टरांनी नीट तपासून चांगलं मशीन कोणतं ते सांगितलं. त्याची किंमत ऐकून माझेच कान बंद झाले. आमचे हे एका ऑफिसात हेड क्लार्क, रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलेली. ते म्हणाले, "फंडाचे पैसे आले की बघू." अत्ते म्हणाल्या, "माझ्यावर कशाला खर्च? माझे दिवस किती उरलेत?" हे वाक्य त्यांचं फार जुनं आहे, त्यावर घरात कोणी लक्ष देत नाही. पण फंडाचे पैसे येईपर्यंत या बाई टाकीकडे बघत बसणार, हे काही मला पटेना. मी सकाळी एका बालवाडीत शिकवते. तो पगार घरखर्चातच जिरतो. म्हणजे आणखी काहीतरी करायला हवं होतं.

मला कुच्चू करता येतात. कुच्चू म्हणजे साडीच्या पदराला लावायचे रेशमी गोंडे. इकडे रेशमी साडीला कुच्चू नसले तर लग्नात बायका आधी पदराकडे बघतात आणि मग नेसणारीच्या तोंडाकडे. पदराच्या सुट्या दशा सारख्या वाटून घ्यायच्या, काठाच्या रंगाचं रेशीम त्यात ओवायचं, गाठ मारायची, मणी घालायचे, सगळे गोंडे एका उंचीला कापायचे. एखादा जरी लांब राहिला तरी डोळ्याला खुपतो. लग्नाआधी मी शिकले होते. आमचे पूर्वज म्हणे मैसूरच्या राजाच्या फौजेत होते, घोड्यावर बसून तलवार चालवायचे. मी पलंगावर बसून सुई चालवायला घेतली. आमच्यात व्यापार असा कोणी केलेला नाही, आणि का केलेला नाही तेही मला लवकरच कळलं.

ह्यांना माझा उत्साह पाहून स्वतःलाच जास्त उत्साह आला. रोज संध्याकाळी मोबाइलवर कोणातरी टाय लावलेल्या माणसाचं व्याख्यान ऐकायचे आणि मला ऐकवायचे. "अगं, आधी ब्रँड बनवला पाहिजे." मी म्हटलं, "आधी मला सुईत दोरा ओवून द्या, चष्मा सापडत नाहीये." त्यांनी धंद्याला नाव शोधण्यात पंधरवडा घालवला. एकही नाव पसंत पडलं नाही. मी शेवटी शाळेतल्या बायकांना नुसतं तोंडी सांगितलं आणि त्या आठवड्यातच पहिली साडी आली.

पहिलं गिऱ्हाईक आमच्या शाळेतल्या एका बाईंची नणंद. जांभळी साडी, सोनेरी काठ. मी जीव ओतून कुच्चू केले. शुक्रवारी संध्याकाळी ती साडी न्यायला आली. मी साडी उलगडून दाखवली, तिला आवडली, तिनं पर्स उघडली. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार वाजलं आणि अत्ते बाहेर आल्या. स्वतःहून. किती महिन्यांनी कोण जाणे.

"कोण आलंय गं?"

"गिऱ्हाईक, अत्ते!" मी ओरडले.

अत्तेंनी बघितलं. सुवासिनी, हातात नवी कोरी रेशमी साडी, शुक्रवार. त्यांचा चेहराच बदलला. "अगं, साडी अशी नुसती हातात देतेस? काही रीत?"

"त्यांचीच साडी आहे, अत्ते!"

"कोणाची का असेना. आपल्या घरातून सुवासिनीच्या हातात साडी जाते आहे. कुंकू लाव. ओटी भर."

आता ही रीत मी अमान्य करत नाही. साडी देताना ती हळद-कुंकू लावून, नारळ आणि खण ओटीत घालूनच द्यायची, हे आमच्याकडे आहेच, आणि इथल्या कन्नड घरांतही तांबूल म्हणून तेच आहे. पण ती आपण साडी भेट देतो तेव्हा! इथे साडी तिची, पैसे तिचे, मी फक्त गोंडे केलेले. हे सगळं एका बहिऱ्या बाईंना ओरडून समजावायचं, तेही गिऱ्हाइकासमोर? मी मुकाट्यानं उठले. अत्ते स्वतः करंड्याला हात लावत नाहीत. मामंजी गेल्यापासून लावलेला नाही. मी कितीदा सांगितलं, असलं काही मानू नका, तुम्हीच लावा. पण ऐकतील तर शपथ. त्यामुळे हुकूम त्यांचा आणि उठबस माझी. देवापुढचा नारळ घेतला, माझ्या कपाटातला एक खण काढला, विड्याची पानं घातली, ओटी भरली. मग कॉफी केली. मग ती बाई पैसे द्यायला लागली, तर अत्तेंनी तिची मूठ दाबून धरली.

"असू दे गं. घरचंच आहे."

ती म्हणाली, "बरं अज्जी," आणि पर्स बंद केली. मी बघतच राहिले. ओटीत नारळ पडलेला, कपाळाला कुंकू लावलेलं, आता त्याच बाईपुढे हात पसरून म्हणायचं, माझे कुच्चूचे पैसे द्या? माझी जीभ उचलेना. फोन करून मागावे म्हटलं, तर फोनवरही उचलेना. म्हणजे रोग फक्त अत्तेंना नव्हता.

ती बाई गेली आणि मी अत्तेंवर जे काय तोंड सोडलं म्हणता! बहिऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे आधीच अर्धी ताकद आवाजात जाते. "तो धंदा आहे, अत्ते! धंदा!" अत्ते शांतपणे म्हणाल्या, "मग धंदा कर की. मी कुठे नको म्हणते? पण सुवासिनीला रिकाम्या हातानं पाठवून कोणाचं भलं झालंय?" गल्लीतल्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. मी आमची बंद केली.

आणि मग काय, बायका यायलाच लागल्या. का नाही येणार? सगळ्या मैसूरात असं दुकान कुठे असेल, जिथे कामाचे पैसे पुढच्या वेळी द्यायचे आणि जाताना आपणच नारळ घेऊन जायचं? एक बाई महाराष्ट्रातून नवीनच आलेली होती, गोकुलमला राहायची, शुद्ध पुस्तकी मराठी बोलायची. तिनं ओटीकडे बघून विचारलं, "आज तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का?" मी म्हटलं, "हो. रोज असतो." सगळ्याच बुडव्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. काहीजणी कॉफीच्या पेल्याखाली नोटा ठेवून जायच्या, अत्तेंची पाठ वळली की मला खुणेनं दाखवायच्या. चोरीचा माल असल्यासारखे मी माझ्याच कष्टाचे पैसे उचलायची. पण रेशीम, मणी, नारळ, खण, दूध, कॉफीपूड जाऊन हातात राहायचं काय? बोटांना टोचलेल्या सुया.

अत्ते मात्र बदलल्या. दुपारची झोप झाली की इस्त्रीची साडी नेसायच्या, केस चापून बसवायच्या, आणि पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायच्या. कोणी आली की "बन्नी, बन्नी" म्हणून बोलवायच्या, शेजारची खुर्ची ओढायच्या आणि म्हणायच्या, "हं, हेळम्मा." म्हणजे सांग बाई. मग ती सांगायची. ओरडून सांगायची. मुलाचं लग्न, नवऱ्याची शुगर, सुनेची नोकरी. अत्तेंना त्यातलं किती कळायचं देव जाणे. त्या मान हलवायच्या, मध्येच "अय्यो" म्हणायच्या, कधी हसायच्या. बायकांना तेवढं पुरायचं. आणि मी आत कॉफीचं आधण ठेवून दात-ओठ खात उभी.

त्यांतली एक बाई माझ्या विशेष लक्षात राहिली. पहिल्यांदा पिस्ता रंगाची साडी घेऊन आली म्हणून मी मनात तिला पिस्तावाली म्हणायची. चाळिशीची असेल. बाकीच्या सगळ्या अत्तेंशी ओरडायच्या, ही मात्र खुर्ची अगदी जवळ ओढायची आणि अत्तेंच्या कानाशी हळूच बोलायची. इतकं हळू, की मला चांगले कान असून दारातून काही कळायचं नाही. मी कॉफी घेऊन गेले की गप्प व्हायची. एकदा तिचे डोळे ओले होते. अत्तेंनी तिचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता आणि त्या मान हलवत होत्या. मला वैतागच आला. अगं बाई, या बहिऱ्या आहेत, भिंतीशी बोललीस तरी तेवढंच! पुढे तर ती पदराला आधीच कुच्चू असलेल्या साड्या आणायला लागली. "हे थोडे सैल वाटतात, आंटी." सैल कसले डोंबलाचे, नव्यासारखे घट्ट होते. पण पैसे न चुकता पेल्याखाली ठेवायची, म्हणून मी बोलले नाही.

मी आपल्या परीनं धंदा वाचवायचे सगळे उपाय केले. लहान नारळ आणले. अत्तेंनी हातात घेऊन वजन करून बघितलं आणि मला देवापुढे उभं करून बोलल्या. नारळाऐवजी केळी ठेवली, तर म्हणाल्या, "हे काय, आजाऱ्याला भेटायला आल्यात का त्या?" मग मी बायकांना फोन करून सांगितलं की फाटकाशी या, तिथेच साडी देते. पहिलीच बाई स्कूटरवरून आली, मी पळत जाऊन तिला साडी दिली, पैसे घेतले, वळले, तर दारात अत्ते. "फाटकावरून? भिकारी आहेत का त्या?" त्या दिवशी रात्री जेवल्या नाहीत. ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, कस्टमर एक्स्पीरियन्स म्हणतात याला. मोठमोठ्या कंपन्या यावर खर्च करतात." मी म्हटलं, "मग त्या कंपन्यांना सांगा तुमच्या आईला कानाचं मशीन घेऊन द्यायला." ते पेपर उघडून बसले.

शेवटी मी हात टेकले आणि देवराज मोहल्ल्यातला एक टेलर गाठला. ब्लाउज शिवणारा. त्याच्याकडे लग्नाच्या साड्या ढिगानं यायच्या, कुच्चू करणारं माणूस त्यालाही हवंच होतं. ठरलं. शाळा सुटली की मी बसनं त्याच्याकडे जायची, झालेल्या साड्या द्यायची, नवीन घ्यायची. तो मधला आपला हिस्सा कापून घ्यायचा आणि उरलेले माझ्या हातावर ठेवायचा. त्यानं मला कधी बस म्हटलं नाही, कधी पाणी विचारलं नाही. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटायचा. घरी येणाऱ्या बायकांना सांगून टाकलं, आता साड्या तिकडे द्या, मला घरी वेळ होत नाही. बऱ्याचजणी वाईट वाटून घेऊन फोन ठेवायच्या. पिस्तावालीनं विचारलं, "मग अज्जी?" मी म्हटलं, "अज्जी बऱ्या आहेत," आणि मीही फोन ठेवला.

पैसे साठायला लागले. खरोखर साठायला लागले! नारळ नाही, खण नाही, कॉफी नाही. दिवाळी, मग लग्नसराई, माझी बोटं सुजायची, मान धरायची, पण डब्यातली रक्कम वाढत होती. अत्ते काही दिवस पुढच्या खोलीत दाराकडे बघत बसल्या. मग एके दिवशी खुर्ची उचलून पुन्हा मागच्या खिडकीशी नेली. मी ते बघितलं. बघितलं नाही असं नाही. पण मी स्वतःला सांगितलं, थोडे दिवस कळ काढा, अत्ते. कान आणतेय तुमचे. कान आले की सगळं पहिल्यासारखं होईल.

उन्हाळ्यात मशीन आलं. त्या कानाच्या दवाखान्यातल्या पोरीनं ते अत्तेंच्या कानामागे बसवलं, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि साध्या आवाजात विचारलं, "अज्जी, ऐकू येतंय?" अत्तेंनी दचकून तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नुसतं "अत्ते" म्हटलं. ओरडले नाही. त्यांनी "ओ" दिली. मला रडू आलं, आता काय सांगू. रिक्षात मी तोंड बाहेर करून बसले.

घरी आल्यावर दोन दिवस गंमतच झाली. पंखा एवढा वाजतो? कुकर एवढ्यांदा ओरडतो? लेकाला म्हणाल्या, "तू कॉफी अशी फुर्र करून पितोस? मी असं शिकवलं नव्हतं." मग मी ओट्याशी असताना मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, तू काम करताना एवढं बोलत असतेस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"माझ्याबद्दल?"

"मग काय शेजाऱ्यांबद्दल?"

अत्ते "बरं" म्हणाल्या, आणि मला वाटतं खूश झाल्या. वरणात मीठ जास्त आहे हेही लगेच सांगून घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, जिंकले मी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मी पलंगावर साडी पसरून बसले होते. हे ऑफिसात. अत्ते इस्त्रीची साडी नेसून पुढच्या खोलीत येऊन बसल्या. दाराकडे तोंड. बराच वेळ बसल्या. मग मला हाक मारली.

"अगं, हे बंद पडलंय का बघ."

मी सुई बाजूला ठेवून उठले. मशीन बघितलं. कानाशी चुटकी वाजवली.

"ऐकू आलं?"

"आलं."

"मग चालू आहे, अत्ते."

"चालू आहे?" त्या म्हणाल्या. "मग कोणी बोलत का नाही?"

घरात आवाज म्हणजे पंख्याचा आणि लांब कुठेतरी बसच्या हॉर्नचा. मी सुईकडे बघत राहिले.

"त्या सगळ्या येत होत्या, त्या कुठे गेल्या गं?" अत्ते म्हणाल्या. "एवढ्या यायच्या. आणि ती एक. हळू बोलायची ती. काय सांगायची, मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. नुसती मान हलवायची मी. एवढं बोलायची बिचारी, एकदा रडली. आता ऐकलं असतं."

असा राग आला मला! कोणावर ते विचारू नका. अत्तेंवर, त्या टेलरवर, माझ्या सुजलेल्या बोटांवर, सगळ्यांवर. रात्रंदिवस मान मोडून या बाईंना कान आणून दिले, आणि ज्यांचं ऐकायचं ती माणसं मीच फोन करून घालवली होती! मी तरातरा जाऊन मोबाइल उचलला आणि पिस्तावालीचा नंबर लावला. "अज्जी आठवण काढतात," म्हटलं. "साडी असली तर घेऊन या. नसली तरी या." ती म्हणाली, "शुक्रवारी येते, आंटी."

शुक्रवारी मी बाजारातून नारळ आणले. मोठे, बघून घेतलेले. खण आणला, फुलं आणली, पानं आणली, ताट तयार करून अत्तेंच्या शेजारच्या स्टुलावर ठेवलं. ती आली. थोडी वाळल्यासारखी दिसत होती. हातात साडीची पिशवी होती, त्यात तीच पिस्ता साडी, मीच केलेल्या कुच्चूंची. अत्तेंनी "बन्नी, बन्नी" करून खुर्ची ओढली. आणि मी, माझ्या तोंडाला काही धरबंध आहे का, मोठ्या कौतुकानं बोलून गेले, "आता कानाशी जायला नको हं. मशीन आणलंय. अज्जींना सगळं ऐकू येतं."

तिचा चेहरा पडला. "सगळं?"

"अगदी सगळं!" मी म्हटलं.

ती खुर्चीत बसली, पण टेकून बसली नाही. अत्ते पुढे वाकल्या. "हं, हेळम्मा."

"काही नाही, अज्जी. सगळं चन्नागिदे." चांगलं चाललंय म्हणाली. मग उन्हाबद्दल बोलली. या वर्षी ऊन फार आहे म्हणाली. मग आंब्यांबद्दल बोलली. अत्तेंना प्रत्येक शब्द नीट ऐकू येत होता आणि त्या तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मग पिशवीतल्या साडीचा एक कुच्चू बोटाला गुंडाळत बसली. मी दारात उभी होते. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला, की ही बाई बहिऱ्या माणसाशी का बोलत होती.

अत्तेंना माझ्याआधी कळलं असणार. त्यांनी हात वर केला, कानामागून ते मशीन काढलं आणि ताटात ठेवलं. विड्याच्या पानांवर, नारळाला टेकून. सगळ्या लग्नसराईत टोचून घेतलेली माझी बोटं त्या ताटात पडली होती, आणि वर थोडं कुंकू सांडलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, की अत्ते, अहो, ते ओलं होईल, ते केवढ्याचं आहे ठाऊक आहे का. पण अत्तेंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि कान तिच्याकडे केला.

"हं," म्हणाल्या. "हेळम्मा."

तिनं एकदा ताटातल्या मशीनकडे बघितलं. मग वाकली आणि अत्तेंच्या कानाशी बोलायला लागली. या वेळी ती तितकं हळू बोलत नव्हती.

मी कॉफी करायला आत गेले. आमचं घर लहान. ओट्याशी उभं राहिलं की पुढच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं, आणि माझे कान चांगले शाबूत आहेत. मी चटणीसाठी खवलेलं खोबरं मिक्सरच्या भांड्यात घातलं आणि बटण दाबलं.